पुन्हा एकदा 'एल'

पुण्यात लक्ष्मी रोडवर पंधरा वर्षं गाडी हाकलेला मी. आयर्लंडमध्येही डावीकडूनच चालवतात म्हटल्यावर वाटलं, आपलंच राज्य! पण इथे राहायला आलेल्याला भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही. पुनश्च श्रीगणेशा!

वर्ग बरेच आहेत. दुचाकींना ए, ट्रकला सी, बसला डी. आपली मोटार 'बी'मध्ये: साडेतीन टनांपर्यंत, चालक सोडून ८ माणसं. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत तर गिअरची गाडी चालवता येत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. आधी लेखी परीक्षा, ४० पैकी ३५ उत्तरं बरोबर हवीत. मग शिकाऊ परवाना आणि २०११ पासून सक्तीचे झालेले १२ धडे. जुनं परदेशी लायसन्स असेल तर धड्यांत सूट मागता येते. गाडीवर लाल 'एल', आणि शेजारी किमान दोन वर्षांचं पक्कं लायसन्स असलेला माणूस.

पहिल्या परीक्षेत मी चक्क नापास! कारण? आरशात पाहत नाही. खरंच होतं. पुण्यात मागचा हॉर्न वाजवून कळवतोच की! इथे कुणी वाजवत नाही. मागे कोण आहे हे आपणच पाहायचं.

दुसऱ्यांदा पास झालो. आता दोन वर्षं 'एन', म्हणजे नवशिका. लेकीने विचारलं, "बाबा, एल गेला, एन आला. मधला एम कुठाय?"

म्हटलं, "एम म्हणजे मिरर. तो शिकण्यातच तर सगळा वेळ गेला!"