मुक्काम

गोवर येतो आणि जातो. 1781 साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर त्याची साथ आली, ओसरली आणि पुढची पासष्ट वर्षं तिकडे फिरकली नाही. 1846 मध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुतारासोबत गोवर परतला, तेव्हा बेटांवरच्या सुमारे 7,800 लोकांपैकी 6,000 जण आडवे झाले. पहिली साथ भोगलेले म्हातारे मात्र सुटले. गोवराला सतत नवी माणसं लागतात. ती संपली की त्याला मुक्काम हलवावाच लागतो.

कांजिण्यांचं तसं नाही. मूठभर वस्तीच्या बेटावरही त्या पिढ्यान् पिढ्या टिकतात. त्या कशा टिकतात, हे ज्यांनी उलगडलं ते एडगर होप-सिम्पसन कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत नव्हते. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर नावाच्या गावात त्यांचा दवाखाना होता. खोकला, बाळंतपणं, मोडलेली हाडं, हेच रोजचं काम.

1947 पासून त्यांनी आपल्या साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांमधली नागिणीची प्रत्येक केस टिपून ठेवायला सुरुवात केली. सोळा वर्षांत 192 केसेस. म्हणजे महिन्याला जेमतेम एक! एवढ्या तुटपुंज्या आवकेवर आजच्या कुठल्या संशोधकाला अनुदान मिळेल? मला त्यांच्या निष्कर्षांइतकंच या संथपणाचं अप्रूप वाटतं. पेशंट तेच, रस्ते तेच, आणि ज्या मुलाच्या कांजिण्या पाहिल्या त्याच्या आजोबांची नाडीही आपल्याच हातात. दुसरीकडे बदलून गेलेल्या डॉक्टरला हे दिसलंच नसतं.

आपल्याकडे नागीण डॉक्टरच्या आधी शेजारणी ओळखतात. माझ्या आजीच्या कमरेवर ती उठली तेव्हा घरात आधी काव उगाळली गेली. फोडांभोवती तांबडा लेप बसला. आणि दबक्या आवाजात तो जुना धाक: तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस जातो. आजी दिवसातून दहादा विचारायची, ‘कुठवर आली गं?’ वेदनेपेक्षा त्या प्रश्नानंच ती खंगत होती. तिला कुणी सांगायला हवं होतं की नागीण सहसा शरीराची मधली रेषा ओलांडत नाही. मणक्यालगत दोन्ही बाजूंना संवेदी मज्जापेशींचे लहान लहान पुंजके असतात. प्रत्येक पुंजक्याकडे त्वचेचा एक पट्टा असतो, आणि तो पाठीपासून निघून पुढे मध्यावर संपतो. 1900 साली हेन्री हेड आणि कॅम्पबेल यांनी नागीण झालेल्या 21 जणांच्या शवविच्छेदनांतून या पट्ट्यांचे नकाशे काढले होते. इजा त्या पुंजक्यांतच सापडत होती.

पण तिथे विषाणू येतो कुठून? कांजिण्या आणि नागीण यांचं नातं असावं, ही शंका जुनीच होती. नागीण झालेल्या मोठ्या माणसाच्या घरात मुलांना कांजिण्या होतात, हे बुडापेस्टच्या बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं. होप-सिम्पसन यांच्या वहीत उलटी बाजू दिसत होती. गावात कांजिण्यांची साथ असो वा नसो, नागीण आपल्या चालीनं बारा महिने येत होती. मग ती बाहेरून लागत नसणार. दहा वर्षांखालच्या मुलांत तिचं प्रमाण दर हजारी वर्षाला एकाहूनही कमी, तर ऐंशी ओलांडलेल्यांत दहा. 1965 मध्ये त्यांनी मांडलं की लहानपणीचा कांजिण्यांचा विषाणू शरीर सोडतच नाही. मज्जापेशींत दबा धरून बसतो आणि वयानं राखण ढिली पडली की ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं कातडीवर येतो. म्हणूनच मूठभर वस्तीच्या बेटावरही कांजिण्या टिकतात.

या दबा धरण्याचा प्रयोगशाळेतला पुरावा नंतर आला. बोस्टनमध्ये थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांचे विषाणू वाढवून ते एकच असल्याचं आधीच दाखवलं होतं; 1983 मध्ये माणसाच्या मज्जापेशींच्या पुंजक्यांत विषाणूचा डीएनए प्रत्यक्ष सापडला. होप-सिम्पसन मात्र पुढे इन्फ्लुएन्झाही असाच लपून राहतो, असं म्हणू लागले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यावर पुस्तक काढलं. ते फारसं कुणी मानलं नाही. एका ठिकाणी खरी ठरलेली कल्पना माणसाला सगळीकडे दिसू लागते, हे मला क्षम्य वाटतं.

त्यांच्या 1965 च्या निबंधात आणखी एक अंदाज होता: नातवंडांच्या कांजिण्यांशी संपर्क आला की आजी-आजोबांची राखण पुन्हा सावध होते. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी 1974 मध्ये कांजिण्यांवरची लस मांडली, आणि अमेरिकेनं 1995 पासून ती मुलांना देणं सुरू केलं. ब्रिटननं मात्र सरसकट लसीकरण वर्षानुवर्षं लांबवलं. मुलांतल्या कांजिण्या हटल्या तर म्हाताऱ्यांत नागीण वाढेल, ही धास्ती त्यामागे होती. लसीतला क्षीण विषाणूही मज्जापेशींत मुक्काम करतो. लस घेतलेल्या मुलांना नागीण कमी होते, एवढं दिसलं आहे. त्यांच्या म्हातारपणाचा हिशेब अजून कुणी मांडू शकत नाही. 1995 ची बाळं आत्ता कुठे तिशीत आली आहेत.