पुढचा थर

मुलांकडे परदेशी कायमचं राहायला निघालेल्या माणसाचा हात आवराआवर करताना सगळ्यात जास्त अडखळतो तो कपाटातल्या गोधड्यांपाशी. त्यातही त्या बायकोने शिवलेल्या असल्या आणि ती आता नसली तर. भांडीकुंडी वाटून होतात, पुस्तकं वाचनालयात जातात. गोधड्या मात्र गाठोड्यात बांधून कुणाच्या तरी माळ्यावर ठेवायचं ठरतं. गोधड्या शिवणारी म्हणून मला हे पटत नाही. त्या वापरणाऱ्याच्या घरी जायला हव्यात.

गोधडीचा जीव जुनेरात असतो. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं खाली, तसंच दुसरं वर, मध्ये विरलेली धोतरं नाहीतर चादरी. हे थर जमिनीवर ताणून अंथरायचे आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकोनाच्या आत चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. टाके जवळजवळ असल्याने एक थर विरला तरी बाकीचे हलत नाहीत. वरचं कापड फाटलं की त्यावर आणखी एक जुनेर चढवून पुन्हा टाके घालतात. जुन्या घरातल्या काही गोधड्या उचलवत नाहीत त्या यामुळेच. शिवणारीने पुढच्या थराची सोय अशी आधीच करून ठेवलेली असते. माळ्यावर ती वाया जाते. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं सूत त्या घडीवरच तुटतं, प्लॅस्टिकमध्ये पावसाळ्याची ओल कोंडून बुरशीचे ठिपके पडतात, खळ राहिलेल्या कापडाला कसर लागते. वापरातल्या गोधडीला ऊन मिळतं, ती झटकली जाते, आणि उसवलेला टाका वेळेवर दिसतो.

तिच्या हातचं दुसऱ्याला देणं म्हणजे तिलाच परकं करणं, असं कुणी म्हणेल. हे म्हणणं मी हलकं मानत नाही. टाका माणसाच्या अक्षरासारखा असतो: कुणाचा बारीक, कुणाचा लांब, कुणाचा कोपऱ्याशी वळताना किंचित ओढलेला. पण हे अक्षर गोधडी उलगडली तरच वाचता येतं. मग सगळ्याच का नेऊ नयेत? तीन-चार लुगड्यांची एक गोधडी अडीच किलोच्या आसपास भरते, आणि विमानात एका बॅगेला बहुधा 23 किलोची मर्यादा असते. एक न्यावी, पण तिकडे रोज पांघरण्यासाठी. प्रत्येकीचा तुकडा कापून चौकटीत लावण्याचा विचार मात्र सोडावा. धावदोरा मध्येच कापला की तो दोन्ही बाजूंनी निसटू लागतो आणि थर सुटे होतात. संग्रहालयाचा मार्ग आहेच. दिनकर केळकरांनी घरगुती वापराच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि 1975 साली तो संग्रह राज्य शासनाकडे सोपवला. त्यामुळे अडकित्ते आणि दिवेसुद्धा आज पुण्यात बघता येतात. पण संग्रहालयाला नमुन्यापुरती एखादी गोधडी पुरते. उरलेल्या दहा-बारांचं काय?

लोक ती जमिनीवर टाकतील, पुढेमागे तिचं पायपुसणं होईल, ही भीती खरी आहे. तसं होईलही. पण लुगड्याची गोधडी करताना त्या बाईने लुगडं फाडलेलंच होतं. नेसून विरलेलं कापड पोराच्या अंगाखाली यावं म्हणूनच ती पाठ मोडून जमिनीवर बसली. म्हणून बाळंतिणीच्या घरी द्यावी, वसतिगृहात निघालेल्या भाचीला द्यावी, थंडीत खरोखर पांघरणाऱ्याला द्यावी. देताना दानाचा आव नको, आणि फाटकी असेल तर आधी सांधून घ्यावी. कोणतं कापड कुणाचं होतं तेही सांगावं: हे हिरवं आईचं लुगडं, हे चौकड्याचं तिच्या पहिल्या परकराचं. तिच्या शिवणाच्या पिशवीत चिंध्या आणि दोऱ्याची अर्धी रिळं उरलेली असतात. तीही गोधडीबरोबरच द्यावीत, पुढचं ठिगळ लावायला.