गळ्यातली सुरी

गळ्यातली सुरी उलटी लटकते. मूठ खाली, टोक वर. छातीशी हात नेला की मूठ हातात येते, खाली ओढली की पातं मोकळं. कांद्याच्या दिवसांत गोणीची सुतळी कापायची, ठिबकची नळी छाटायची, एक हात अडकलेला असतो तेव्हा खिसा चाचपत बसण्यापेक्षा हे फार सोयीचं. अशी एक सुरी स्वतःच्या हातानं घडवायची म्हणून मी पिंपळनेरला एका वयस्क लोहारबाबांच्या भट्टीवर जाऊ लागलो. त्यांनी वहीतलं माझं चित्र पाहिलं आणि विचारलं, "हाई सुरी खाले पडी जाई ना?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि पुढे बरेच दिवस नव्हतं.

आधी लोखंडानंच गोंधळ घातला. भंगारातून ट्रकचा कमानपाटा आणला. पोलाद उत्तम, पण या सुरीला पातं हवं जेमतेम तीन मिलिमीटर जाड आणि सहा-सात सेंटिमीटर लांब, आणि कमानपाटा तेवढा पातळ करायचा म्हणजे घण चालवून खांदे भरून येतात. स्टेनलेसचा विषय काढला तर बाबांनी मान हलवली. त्याला हजार अंशांच्या वर नेमकी उष्णता लागते आणि ती काही वेळ तशीच टिकवावी लागते. कोळशाच्या भट्टीत ते साधत नाही. शेवटी बाबांनी कोपऱ्यातून एक झिजलेली कानस काढून दिली. कानशीत कार्बन भरपूर, शंभर भागांत एक भागाहून जास्त, म्हणून धार टिकते. मात्र तिचे दाते पूर्ण घासून काढावे लागतात. एखादी खाच राहिली तर पाणी पाजताना पातं तिथूनच तडकतं.

कानस लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवली, तेव्हा ती कापण्याइतकी मऊ झाली. मग आकार दिला, मूठ बसवायची भोकं पाडली, आणि पुन्हा भट्टी. किती तापलं हे कसं ओळखायचं? मी सारखा विचारत होतो. बाबा म्हणाले, "घाई करू नको. लोखंड सोता सांगस." जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्यांनी पात्याजवळ नेलं. सुमारे 770 अंशांना लोखंड चुंबकाला धरेनासं होतं. त्यानंतर अंमळ आणखी ताव द्यायचा आणि कोमट केलेल्या शेंगदाण्याच्या तेलात सरळ बुडवायचं. तिरकं गेलं तर पातं वाकतं. तेलातून निघालेलं पातं कडक असतं, पण दगडावर पडलं तर तुटेल इतकं ठिसूळ. ते घासून चकचकीत केलं आणि तापलेल्या वाळूत ठेवलं. पाठीकडून फिकट पिवळा रंग सरकू लागला, पिकत्या गव्हासारखा. तो धारेपर्यंत पोचला तसं बाबांनी पातं उचललं. त्या रंगाकडे किती वेळ बघत राहिलो असतो कोण जाणे.

मुठीला शिसमाच्या पातळ चकत्या लावल्या. तीन बोटं बसतील एवढीच मूठ ठेवायची, कारण म्यानासकट वजन शंभर ग्रॅमच्या पुढे गेलं की दिवसभरात मानेला दोरी काचते.

आणि मग म्यान. माझ्या मते सगळी कारागिरी इथंच आहे. बाजारपेठेतल्या चर्मकार काकांनी सालीनं कमावलेलं चामडं निवडलं. क्षारांनी कमावलेल्या चामड्यात पोलादाला गंज लवकर चढतो. चामडं पाण्यात भिजवून, सुरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, त्यावर अंगठ्यानं दाबत दाबत त्यांनी मुठीच्या गळ्यापाशी एक खोबण उठवली. चामडं वाळलं की त्या खोबणीतच सुरी कट् आवाज करून बसते आणि उलटी धरली तरी सुटत नाही. धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याची एक पट्टी घातली, म्हणजे धार शिवणीचा दोरा कापत नाही. अमेरिकेतल्या महासरोवरांच्या प्रदेशातले आदिवासी अठराव्या शतकात साळिंदराच्या काट्यांनी नटवलेली सुरीची म्यानं गळ्यात घालत.

मे महिन्यात छातीवरचा घाम चामड्यात मुरतो. म्हणून रात्री सुरी म्यानाबाहेर काढून पुसायची आणि तेलाचं बोट फिरवायचं. कायद्याचंही सांगतो : नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्याराला परवान्याचे नियम लागतात. ही सुरी त्या मापाच्या कितीतरी आत आहे. तरीही ती कामाच्या ठिकाणीच वापरावी; बाजारात, एसटीत गळ्यात मिरवू नये.

कुणी अशी सुरी करणार असाल तर दोन गोष्टी कराच. दोरी नायलॉनची नको, साध्या सुताची घ्या; यंत्रात किंवा फांदीत अडकली तर दोरी तुटली पाहिजे, मान नव्हे. आणि गळ्यात घालण्याआधी, खाली पोतं अंथरून, म्यान उलटं धरून जोरात झटके द्या. सुरी जराही सरकली तर म्यान पुन्हा भिजवा आणि खोबण नव्यानं दाबा.