रंग वाळेपर्यंत

दिवाळीच्या पाडव्याला सांगलीच्या गणपती पेठेतील एका हार्डवेअरच्या दुकानात नव्या वहीचे पूजन झाले आणि अण्णांनी गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती दिली. ४२ वर्षे गादीवर बसलेल्या माणसाने आपण होऊन उठावे, याचे साऱ्यांनी कौतुक केले. परंतु किल्ली सुटली तरी सवय सुटली नाही. अण्णा रोज अकरा वाजता दुकानात येत, बाकावर बसत आणि मुलाने सांगितलेला भाव गिऱ्हाइकासमोरच दुरुस्त करीत. चैत्रातल्या एका दुपारी मुलगा शांतपणे म्हणाला, "अण्णा, भाव मी सांगतो, पण गिऱ्हाईक तुमच्या तोंडाकडे बघतं." दुसऱ्या दिवसापासून अण्णा दुकानात गेले नाहीत. घरात पितापुत्रांचे बोलणे जेवणाच्या ताटापुरते उरले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा नातू घरी आला. त्याने आजोबांपुढे एक खोका ठेवला. त्यात १९११ सालच्या फोर्ड मॉडेल टी या मोटारीच्या लहान प्रतिकृतीचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीवर तयार झालेली ही गाडी. खोक्यातली प्रतिकृती मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची, म्हणजे लांबीला जेमतेम १४ सेंटिमीटर होती.

"आज्जा, इथं १ मिलिमीटर चुकलं, तर खऱ्या गाडीत २४ मिलिमीटर चुकल्यासारखं," नातू म्हणाला. जवळजवळ इंचाची तफावत! हा हिशेब अण्णांना तत्काळ पटला.

प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले भाग प्रथम साबणाच्या पाण्याने धुतले. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग एकेक भाग कटरने सोडवून त्याची कड पॉलिश पेपरने घासायची, चिकटवण्यापूर्वी कोरडाच बसवून पाहायचा आणि नंतरच कडेला द्रावणाचा थेंब सोडायचा. हे द्रावण डिंकासारखे मधे बसत नाही; ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. एकदा जुळलेले सहजी सुटत नाही. म्हणून घाई नको.

अण्णांनी टायरना काळा रंग काढला, तेव्हा नातवाने थांबवले. त्या काळी टायरच्या रबरात काजळी मिसळण्याची पद्धत रूढ झाली नव्हती, त्यामुळे टायर फिकट, राखाडी-पांढरट असत. चाकांचे आरे लाकडी, तर रेडिएटर आणि दिवे पितळी. १९१४ ते १९२५ या काळात ही गाडी केवळ काळ्या रंगात मिळे. त्यापूर्वी अन्य रंगही असत. अण्णांनी गर्द निळा निवडला. विजेच्या वायरीतून तांब्याचे केसाएवढे चार धागे काढून त्यांनी ते चार सिलिंडरांच्या प्लगना जोडले. बॉनेट लावल्यावर ते दिसणार नव्हते, तरी चारही जोडले.

१९१३ साली फोर्डच्या कारखान्यात सरकता जोडणी-पट्टा आला आणि साडेबारा तासांचे सांगाड्याच्या जोडणीचे काम पुढील वर्षी ९३ मिनिटांवर आले. अण्णांची गाडी मात्र सहा आठवडे टेबलावर होती.

निळ्या रंगाचा दुसरा हात दिल्यावर, वाळला का हे पाहण्यासाठी अण्णांनी बॉनेटला बोट लावले. चकचकीत रंगावर अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटला. ओशाळून त्यांनी लगेच फडके उचलले.

"आता पुसू नका, आज्जा. पुसाल तर सगळाच रंग जाईल. पूर्ण वाळू दे. मग बारीक पेपरनं घासून पुन्हा हात देऊ."

"किती दिवस?"

"चार-पाच."

ते दिवस अण्णांना फार जड गेले. चूक डोळ्यांसमोर होती, उपाय ठाऊक होता, आणि तरीही हात मागे घेऊन बसायचे होते. झाकण घातलेल्या त्या गाडीकडे पाहताना त्यांना दुकानातला बाक आठवू लागला. भाव सांगणाऱ्या मुलावर आपण रोज असाच अंगठा ठेवीत होतो. आणि मुलाची चूक असलीच, तरी ती दुरुस्त करण्याची वेळ गिऱ्हाइकासमोरची नव्हती. पाचव्या दिवशी ठसा घासला गेला, नवा हात बसला. कोठे डाग होता, हे सांगूनही कळले नसते.

त्या रात्री जेवणानंतर अण्णांनीच विषय काढला. "चैत्रात तू म्हणालास ते बरोबर होतं," एवढेच ते म्हणाले. मुलगा काही क्षण गप्प राहिला. मग त्याने एका थकलेल्या उधारीची गोष्ट काढली; ती त्याला महिनाभर छळत होती. उत्तर अण्णांच्या जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले आणि विचारले, "तुझा काय विचार आहे?"

आता अण्णा दुकान बंद व्हायच्या वेळी जातात, रोजमेळ मिटल्यावर विचारले तर बोलतात. गाडी गल्ल्याशेजारी काचेच्या पेटीत आहे. एखादे गिऱ्हाईक तिच्याविषयी विचारते, तेव्हा मुलगा टायर पांढरे का, हे सांगू लागतो. त्यात एखादे साल चुकते. अण्णा ते घरी गेल्यावर सांगतात.