चार चुली, एक घर

आमच्या घरात माणसे तीन आणि ब्लॉग चार आहेत. चौथा आमच्या अण्णांचा. अण्णा २०१६ साली गेले. त्यांचा ब्लॉग मात्र अजून गूगलच्या ब्लॉगरवर बिनभाड्याने राहतो आहे. बाकी मी नाट्यसंगीतावर लिहितो, आमची ही पाककृती देते आणि कन्यका डोंगर चढून आली की रानफुलांची छायाचित्रे टाकते. एका चुलीचा धूर दुसरीला दिसत नाही. यंदा चातुर्मासात ठराव झाला, की वर्डप्रेस घेऊन या सर्वांचे एकच संकेतस्थळ करायचे.

चालकाने सोडून दिलेल्या 'बी-टू' नावाच्या प्रणालीवरून मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली वर्डप्रेस उभी केली. मिळते फुकट. जागेचे भाडे मात्र पडते. हत्ती फुकट मिळाला तरी चारा विकतच घ्यावा लागतो!

पहिला वाद वाडा की चाळ, यावर. कन्यकेला चाळ हवी. २०१० सालच्या ३.० आवृत्तीपासून एकाच वर्डप्रेसमध्ये अनेक स्थळे नांदवता येतात. जिना एक, बिऱ्हाडे वेगळी, प्रत्येकाच्या दाराला हवा तो रंग. मला वाडा हवा होता, म्हणजे स्थळ एकच आणि पाककृती, रानफुले हे त्यातले वर्ग. "चाळीत शोधाची चौकट ज्या त्या खोलीपुरतीच ना?" हिने विचारले. "मग पुरणपोळी शोधणाऱ्यानं काय दारोदार फिरायचं?" वाडा ठरला.

मग भाषेची अडचण. मथळ्यावरून लेखाचा पत्ता तयार होतो, पण त्यात देवनागरीच्या एकेका अक्षराच्या नऊ खुणा होतात. काना-मात्राही वेगळी मोजतात. मर्यादा २०० खुणांची. म्हणजे बाविसाव्या अक्षराला पत्ता तुटतो, आणि अण्णांचे मथळे तर गिरगावच्या गल्ल्यांसारखे लांबलचक! तेव्हा पत्ते हाताने आखूड करणे आले. ते काम माझ्याकडे लागले आहे.

जुने लेख एका फाइलीत बांधून आणता येतात. परवा अण्णांचे लेख तालमीपुरते आणून पाहिले. ते कोणाच्या नावावर घालायचे, असे यंत्राने विचारले. मी अण्णांचे नाव दिले. त्यावर त्याने अण्णांना खालची पायरी दिली, 'वर्गणीदार'! कन्यका संतापली. "आजोबा संपादक होतील, नाहीतर मी फुलं देणार नाही," म्हणाली. पायरी बदलणे दोन मिनिटांचे काम आहे, केले.

पण त्याच फाइलीतून अण्णांचे तीन कच्चे मसुदे निघाले, कधीच प्रसिद्ध न केलेले. दोन किरकोळ आहेत. तिसरा गिरगावच्या खोलीबद्दल, अण्णा आणि काका बारा वर्षे ज्यापायी बोलले नाहीत तिच्याबद्दल. शेवटी अण्णांनी लिहिले आहे, की धाकट्याचे म्हणणे बरोबर होते. वाक्य तिथेच अर्धे राहिले आहे.

हिचे म्हणणे, अण्णांनी टाकला नाही तो आपण टाकू नये. मला ते पटते. पण काका आज शहाऐंशीचे आहेत. लेख आम्ही मसुद्यातच ठेवला आहे आणि मोठ्या अक्षरांत कागदावर छापून घेतला आहे. भाऊबीजेला काका आत्याकडे ओवाळून घ्यायला येतील, तेव्हा मी जाऊन तो त्यांच्या हाती देणार. ते "टाक" म्हणाले, तरच टाकू.