सातवी खेप

दोस्तहो, जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत सहा खेपा झाल्या. सहाही वेळा पाळी बुडाली, पगार कापला गेला. बाबू म्हणे, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आण. माझा आजा शाळेची पायरीबी चढला नव्हता. पुरावा आणू कुठून?

तिथं बाकड्यावर बसून मावसभाऊ आठवला. तो गोव्यात खाणीच्या टिपरवर क्लीनर होता. लोखंडाची लाल माती बार्जमधून मुरगाव बंदरात जायची, तिथून जहाजानं चीनला. मालकांचे कागद पोर्तुगीजांच्या काळातले. १९८७ च्या कायद्यानं त्यांचेच खाणपट्टे झाले. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले. म्हणजे २०१२ ला बंदी येईस्तोवर पाच वर्षं बिनकागदाचा डोंगर खोदला, परदेशी विकला. जहाज काय अडलं नाही.

पुढं १२ जानेवारी २०१५ ला वटहुकूम निघाला : यापुढं खाणी लिलावानंच द्यायच्या. त्याच दिवशी गोव्यात ३१ पट्ट्यांना मुदतवाढ मिळाली. एका दिवसात ३१! आन् मला एक दाखला मिळंना. २०१८ ला कोर्टानं अशा ८८ मुदतवाढी रद्द केल्या. भाऊ तर २०१२ लाच घरी बसला होता. त्याला कसली मुदतवाढ?

सरकार कागद वाचतं. पण आधी वाचतं, तो कुणाचा आहे.

बाबासाहेब म्हणाले, शिका. तर दोस्तहो, हे पट्टे, परवाने, वटहुकूमबी वाचायला शिकू. सोमवारी माझी सातवी खेप. या टायमाला एकटा जाणार नाही. कोण येतंय?