फासा, भिंत आणि व्यवस्थापक

गेल्या वर्षी मी एका बेसबॉल संघाचा व्यवस्थापक झालो. विधान हास्यास्पद आहे. पण खरे आहे. बेसबॉल हा खेळ मी मैदानावर उभा राहून कधी पाहिलेला नाही. ज्या संघाचे व्यवस्थापन माझ्याकडे आले, त्यातील एकही खेळाडू हाडामांसाचा नाही. तो सारा संगणकाच्या आज्ञावलीतून निपजलेल्या नावांचा आणि आकड्यांचा समूह आहे. पदव्युत्तर वर्गांना कथनमीमांसा शिकविणाऱ्या किल्लारीच्या माणसाने या उद्योगात का पडावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो आहे.

आरंभ माझ्या भाच्यापासून झाला. तो शिक्षणासाठी अमेरिकेत गेला आणि तेथे अशा एका लीगमध्ये रमला. ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ ही मार्कस हाइनसोन या जर्मन गृहस्थाने रचलेली आज्ञावली १९९९ साली प्रथम बाजारात आली. तिच्या आधारे जगभरचे लोक एकत्र येऊन काल्पनिक लीग चालवितात. प्रत्येकाचा एक संघ असतो. ठरलेल्या दिवसांपर्यंत प्रत्येक व्यवस्थापकाने आपली फलंदाजीची क्रमवारी आणि चेंडू फेकणाऱ्या पिचरांची पाळी कळवायची. मग लीगचा प्रमुख एकदम काही दिवसांचे सामने संगणकाकडून ‘खेळवून’ घेतो. सामना चालू असताना व्यवस्थापक कोठेच नसतो. दुसऱ्या दिवशी तो फक्त निकाल वाचतो.

“मामा, एक टीम अनाथ पडलीय. सांभाळा की तुम्ही,” भाचा फोनवर म्हणाला. अशा लीगमध्ये कंटाळून निघून गेलेल्या व्यवस्थापकाच्या संघाला खरोखरच अनाथ म्हणतात, आणि नवख्याला बहुधा असाच संघ मिळतो: तळाशी रुतलेला, म्हाताऱ्या खेळाडूंना भरमसाट वेतनाचे करार करून बसलेला. ‘अनाथ’ आणि ‘दत्तक’ हे दोन शब्द किल्लारीच्या माणसाच्या कानावर वेगळ्या अर्थाने पडतात. भूकंपानंतर आमच्या भागातील गावे संस्थांनी दत्तक घेतली होती. मी हो म्हणालो, त्याचे कारण बहुधा त्या शब्दातच होते.

पैसे लावून खेळायच्या काल्पनिक क्रिकेटशी या प्रकाराची गल्लत होऊ नये. २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘ड्रीम ११’ने तो प्रकार खेड्यापाड्यांत पोहोचविला आणि २०२५च्या ऑगस्टमधील कायद्याने पैशाच्या अशा ऑनलाइन खेळांना बंदी घातली. तेथे खेळाडू खरे असतात आणि कल्पनेने जुळविलेला असतो तो फक्त संघ. आमच्या लीगमध्ये खेळाडूही कल्पित आणि सामनाही कल्पित. खरी असते ती फक्त मांडणी आणि तिच्यामागची चिंता. जिंकणाऱ्याला येथे काहीच मिळत नाही.

नवख्याने आधी काय करावे? भाच्याचा सल्ला साधा होता: काहीच करू नका. लीगची नियमावली वाचा; महिनाभर कोणाशीही खेळाडूंची अदलाबदल करू नका, कारण जुने व्यवस्थापक नवख्याकडून होतकरू पोरे उचलतात आणि नावाजलेले म्हातारे त्याच्या गळ्यात मारतात. निकालाचा तक्ता वाचायला शिका. मी तक्ता वाचू लागलो. गंमत अशी की हा तक्ता मला परका वाटला नाही. बेसबॉलच्या धावफलकाची रीत रुजविणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला वार्ताहर होता, क्रिकेटच्या वृत्तांकनातून आलेला. १८५९च्या सुमारास त्याने क्रिकेटच्या धावपत्रकावरूनच बेसबॉलचा तक्ता बेतला. म्हणजे मी वाचत होतो ती आमच्याच वहीची दूरची चुलत बहीण होती.

ती वही म्हणजे आमच्या पुस्तक-क्रिकेटची. किल्लारीच्या शाळेत सहावीत असताना मी आणि माझा एक मित्र आठ संघांची लीग चालवीत होतो. रीत सर्वांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तक डोळे मिटून उघडायचे. डाव्या पानाच्या क्रमांकातील शेवटचा आकडा म्हणजे धावा. शून्य आले की गडी बाद. डावे पान नेहमी सम असते, त्यामुळे एक आणि तीन धावा कधी निघतच नाहीत. म्हणून आठ आले तर एक धाव, असा आमचा ठराव होता. मित्राने एक शोध लावला होता. जुन्या पुस्तकाची शिवण एखाद्या ठिकाणी सैल झाली की ते पुस्तक पुन्हा पुन्हा त्याच पानाशी उघडते. पुस्तक हातात घेऊन, दोन-तीनदा उघडून तो निर्णय द्यायचा, “हे खोटं हाय. दुसरं आण.” यदृच्छा कोणती आणि यदृच्छेच्या वेषातील दोष कोणता, हे अकरा वर्षांच्या त्या मुलाला कळत होते. मला ते कळायला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

व्यवस्थापक म्हणून पहिल्या पंचवीस सामन्यांपैकी मी अठरा हरलो. प्रत्येक पराभवानंतर मी क्रमवारी बदलीत असे. एका पिचरविरुद्ध सलग तीन सामन्यांत धावांचा पाऊस पडला, तेव्हा मी त्याला बाहेर बसविले. भाचा हसला. त्याने मला व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाची गोष्ट सांगितली. २००१ साली त्याने असे मांडले, की बॅटला लागून मैदानात गेलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाती जाईल की दोघांच्या मधून निसटेल, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्याहून फारच थोडा असतो. किती फलंदाजांना तो चेंडू लागूच देत नाही, किती जणांना फुकटचा बेस बहाल करतो, आणि किती चेंडू कुंपणापार जाऊ देतो, हे त्याचे स्वतःचे. उरलेल्यात क्षेत्ररक्षकांचा वाटा असतो, आणि पुष्कळसा दैवाचा. पुढे या मताला मुरडी घातल्या गेल्या. पण त्याचा गाभा टिकला. माझा पिचर वाईट नव्हता. त्याच्या वाट्याला वाईट पाने उघडत होती.

येथे मला व्यवस्थापकाची जागा प्रथम नीट दिसली. कथनमीमांसेत आपण लेखक, निवेदक, पात्र आणि वाचक अशा जागा कल्पितो. व्यवस्थापक यांपैकी कोणीच नाही. तो घटना लिहीत नाही, सांगत नाही, भोगत नाही. तो फक्त क्रम लावतो आणि बाजूला होतो. मग त्याच्या अनुपस्थितीत घडलेली संहिता त्यालाच वाचावी लागते. लेखकाच्या मृत्यूची बार्थने केलेली घोषणा आपल्या चर्चाविश्वात आता जुनी झाली; येथे तर मुळात लेखकच नाही, तरीही वाचकाला राहवत नाही. सलग सहा पराभव झाले की तो ‘संघाचे खच्चीकरण’ वाचतो, सलग पाच विजय झाले की ‘पुनरुत्थान’. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली घटनांचा नुसता कालक्रम आणि कार्यकारणाने बांधलेले कथानक यांत जो भेद केला, तो येथे रोजच्या रोज मोडतो. आपण क्रमाला कथानक समजतो, कारण कारणावाचून घडलेले आपल्याला सोसवत नाही.

आपल्या परंपरेत या दोन वृत्तींचे दोन पट आहेत. परंपरेने ज्ञानदेवांशी जोडला गेलेला मोक्षपट घ्या. त्यात सद्गुणांच्या शिड्या आहेत, दुर्गुणांचे सर्प आहेत. पण खेळणाऱ्याला निवड मुळीच नाही. कवड्यांचे दान नेईल तेथे जायचे. पापसुद्धा दानाने पदरी पडते आणि तरी ते पापच म्हणवते. सारीपाटाचे तसे नाही. दान दैवाचे, पण पडलेल्या दानावर कोणती सोंगटी हलवायची, कोणती मागे राखायची, हे खेळणाऱ्याचे. हरणाऱ्या माणसाला सारीपाटाचा मोक्षपट करण्याचा मोह होतो: सगळे दानच होते, माझे काही नव्हतेच. आणि जिंकणाऱ्याला उलटा मोह होतो: दान नव्हतेच, सगळी माझी चाल होती. व्यवस्थापक म्हणून आरंभ करणे म्हणजे हे दोन्ही मोह ओळखणे.

आता जे टाळीत होतो तेथे येतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारी हादरली. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन होते. मित्र आणि मी उशिरा परतलो. त्याच्या दाराशी थोडा वेळ वहीवर बोललो. तो आत माळवदाखाली झोपायला गेला. मला उकडत होते म्हणून मी आमच्या अंगणात पडलो. एवढाच फरक. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, त्यांत तो होता.

आमचे अण्णा पुढे कितीतरी वर्षे एकच वाक्य म्हणत: “त्याची येळ भरली होती, बाबा.” मला धीर देण्यासाठी ते म्हणत, हे मला कळे. पण त्या वाक्याने मीही एका पटावरची सोंगटी होत होतो. माझी वेळ भरली नव्हती म्हणून मला उकडले! गावात दुसरी वाक्येही होती: कोणाच्या पापाने झाले, कोणत्या देवाचे काय राहिले होते. क्रमाचे कथानक करण्याची ती धडपड होती, आणि तिला हसण्याचा अधिकार मला नाही. पराभवांच्या तक्त्यात मी तेच करीत होतो.

अंगण की घर, हे दान होते. जमीन त्याच पहाटे हलावी, हेही दानच. पण ज्याखाली तो गेला, ती भिंत दान नव्हती. आमच्याकडची घरे दगडमातीची. जाड भिंती, दगड एकमेकांत नीट न गुंतलेले, मध्ये नुसती माती. वर माळवद, आणि त्यावर गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे चढविलेले मातीचे थर. उन्हाळ्यात गारवा देणारी ही मांडणी ६.२ रिश्टरच्या आसपासच्या धक्क्याला थडगे झाली. आदल्या वर्षी, १९९२च्या ऑक्टोबरात, धक्के बसले होते. काही दिवस माणसे बाहेर झोपली, मग आत गेली. मित्राच्या घराच्या भिंतीला तेव्हा पडलेली भेग त्याच्या वडिलांनी मातीने लिंपली. पुस्तकाची सैल शिवण ओळखणारा तो मुलगा त्या भेगेखाली झोपत होता. ती भेग कशी वाचायची हे त्याला कोणी शिकविले नव्हते. त्याच्या वडिलांनाही नाही.

येथे वाक्य जपून लिहिले पाहिजे. भिंत दान नव्हती, याचा अर्थ ती बांधणाऱ्याचा अपराध होता असा नव्हे. दगड शिवारात होता, माती पायाखाली होती. सिमेंट आणि सळई ऐपतीबाहेर. देशाच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२च्या सुधारित नकाशात तो पट्टाच रद्द झाला आणि लातूरचा भाग वरच्या पट्ट्यात गेला. म्हणजे जी क्रमवारी आम्हाला मिळाली, तीच अनाथ संघाची होती: कोणीतरी आधी लावून गेलेली. तरीही ती क्रमवारी होती, दान नव्हते, म्हणून बदलता येण्याजोगी होती. बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली, नवी किल्लारी उभी राहिली, तेव्हा बदलली गेली ती भिंत. जमीन हलणार नाही अशी हमी कोणीच दिली नाही.

रॉबर्ट कूव्हर याच्या ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ या १९६८च्या कादंबरीचा नायक वॉ हा हिशेबनीस फाशांवर बेसबॉलची लीग चालवितो. एके दिवशी फासे असे पडतात की त्याचा लाडका तरुण पिचर मैदानावर मरतो. वॉ हे सोसू शकत नाही. पुढे एका क्षणी तो फासा टाकीत नाही. हाताने सहाचा आकडा वर करून ठेवतो, आणि ज्याच्या चेंडूने तो मृत्यू घडला त्या खेळाडूला मारतो. समीक्षेत याला काव्यगत न्याय म्हणता येईल. व्यवस्थापक झाल्यावर मला ते वेगळे दिसले. वॉने मांडणी बदलली नाही, दान बदलले. ज्याच्यावर आपला अधिकार नाही तेथे त्याने हात घातला. त्यानंतर तो खेळ उरत नाही. उपासना उरते, किंवा वेड.

माझ्या संघाने पहिला हंगाम ६१ विजय आणि १०१ पराभवांवर संपविला. त्या पिचरला मी पुन्हा पाळीत घेतले होते. उत्तरार्धात त्याची पाने बरी उघडली. याचे श्रेय मी घेत नाही. त्याला बाहेर बसविण्याची चूक मात्र माझी होती.

आमची वही ढिगाऱ्यात गेली. पण तक्ता मला पाठ आहे. मित्राचा संघ दोन गुणांनी पुढे होता आणि चार सामने उरले होते. ते चार सामने पुरे करावेत, असे इतक्या वर्षांत पुष्कळदा वाटले. घरात पुस्तके भरपूर आहेत. एकदा एक उघडायला घेतलेही. मग ध्यानात आले, की त्याच्या बाजूने मी पान शोधून उघडीन. पुस्तक मिटून ठेवले. त्याने ओळखले असते.